जिगर किती किलोज्यूलची?

६ ऑगस्ट २०२३, रविवार. ग्लासगोच्या रस्त्यांवर सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद शर्यत संपत आली होती. शेवटची रेषा सुमारे बावीस किलोमीटरवर असताना नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल सगळ्यांना सोडून एकटाच पुढे निघाला. पावसानं रस्ता निसरडा झालेला. सोळाएक किलोमीटर उरले असताना एका उजव्या वळणावर चाक सरकलं आणि गडी आडवा. जर्सी फाटली, अंग सोलवटलं, बूट आवळायची चकती तुटली. तो उठला, सायकल उचलली आणि परत निघाला. २७१ किलोमीटरची ती शर्यत त्यानं १ मिनिट ३७ सेकंदांच्या फरकानं जिंकली.

त्या रात्री आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता पाऊस पडला. ‘याला म्हणतात जिगर!’ दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार आला: मन खंबीर असेल तर शरीर काहीही करू शकतं. मला हे वाक्य फार खटकतं. शरीर काहीही करू शकत नाही. किती करू शकतं याचा हिशेब बऱ्यापैकी मांडता येतो, आणि तो मांडला की व्हान डर पूलबद्दलचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो.

आधी वारा. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरनं जाताना सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ४५ वरून ५० वर जायला वेग ११ टक्के वाढतो, पण हवेपायी लागणारे वॅट ३७ टक्क्यांनी वाढतात. म्हणून सगळे एकमेकांचा आडोसा घेतात. बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या आतल्या, मागच्या बाजूच्या खेळाडूला एकट्यानं जाणाऱ्याच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो असं दिसलं. असा आडोसा सोडून उघड्या वाऱ्यात जाणं हा वरकरणी शुद्ध वेडेपणा आहे.

तो वेडेपणा कधी परवडतो हे कळायला मला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी उपयोगी पडते. टाकीत नळाचं पाणी एका ठरावीक गतीनं येत असतं. तुमचा वापर त्या गतीपेक्षा कमी असेल तर टाकी भरलेली राहते. वापर जास्त झाला की साठा उतरू लागतो. टाकी रिकामी झाली की नळाला जेवढं पाणी येतंय तेवढ्यावरच भागवायचं, मग सेक्रेटरींना कितीही फोन करा.

स्नायूंचंही असंच आहे. ऑक्सिजनच्या जोरावर शरीर जी शक्ती बराच वेळ स्थिरपणे देऊ शकतं तिची वरची मर्यादा म्हणजे ‘क्रिटिकल पॉवर’. हा आपला नळ. त्याहून जास्त शक्ती हवी असेल तर ती मर्यादित साठ्यातून येते: फॉस्फोक्रिएटिन (स्नायूंतलं झटपट ऊर्जा देणारं रसायन) आणि ऑक्सिजनशिवाय होणारं ग्लुकोजचं विघटन. ही कल्पना मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली. साठ्याला ‘डब्ल्यू प्राइम’ म्हणतात. शरीरात तो एका जागी ठेवलेला नसतो, गणितातून निघणारा तो एक आकडा आहे. पण हा आकडा भाकितं बऱ्यापैकी अचूक करतो, म्हणून मला तो भयंकर आवडतो.

सोयीसाठी क्रिटिकल पॉवर ४०० वॅट आणि साठा २० किलोज्यूल धरू. २० किलोज्यूल म्हणजे किती? सायकलसकट माणूस सुमारे आठ मजले वर उचलायला लागेल तेवढं काम. बस्स. ज्याला आपण जिगर म्हणतो ती आठ मजल्यांची.

आता भागाकार. शेवटचे २ किलोमीटर एकट्यानं मारायचे तर ताशी ५० च्या वेगानं १४४ सेकंद लागतात. २०,००० ज्यूल भागिले १४४, म्हणजे ४०० च्या वर आणखी सुमारे १३९ वॅट. हा जबरदस्त फटका आहे. २००८ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत फाबियान कान्चेलारानं साधारण एवढ्याच अंतरावरून सगळ्यांना गुंगारा दिला होता. २०१८ साली त्याच शर्यतीत विन्चेन्झो निबाली पोज्जोच्या चढावर निसटला तेव्हा सातेक किलोमीटर उरले होते. तेवढ्या अंतराला सुमारे पावणेनऊ मिनिटं धरली तर साठा सेकंदाला ३८ ज्यूल पुरतो, म्हणजे वर फक्त ३८ वॅट. आणि व्हान डर पूलचे बावीस किलोमीटर? अर्धा तास धरा. १८०० सेकंद. जास्तीचे वॅट येतात ११.

अकरा! घरातल्या एलईडी दिव्याएवढे.

म्हणजे लांबून एकट्यानं केलेल्या हल्ल्यात साठ्याचा वाटा जवळपास नगण्य असतो. तिथे नळच मोठा लागतो, आणि तो सहा तासांच्या शर्यतीनंतरही मोठाच राहावा लागतो. सकाळी ताज्या पायांनी ४०० वॅट देणारे बरेच असतात. दोन-अडीचशे किलोमीटरनंतर बहुतेकांचा नळ बारीक होतो आणि टाकीही आक्रसते. अव्वल खेळाडूंची घसरण कमी असते. चिवटपणा मोजायचाच असेल तर मी तो इथे मोजीन. ही गोष्ट टीव्हीवर दिसत नाही, पडलेला माणूस दिसतो.

ग्लासगोत आणखी एक भानगड होती. शहरातली फेरी १४.३ किलोमीटरची आणि वळणांनी गच्च भरलेली. प्रत्येक वळणावर वेग ताशी २५ वर आणायचा आणि पुन्हा ४५ वर न्यायचा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर गतिज ऊर्जेतला फरक साडेचार किलोज्यूल निघतो. हे सगळं साठ्यातून जात नाही, कारण त्या काही सेकंदांत नळही चालूच असतो. वळणापूर्वी पायडल मारणं थांबतं तेव्हा टाकी थोडी भरतेही. पण भरण्याची गती रिकामं होण्यापेक्षा संथ असते, आणि टाकी जेवढी भरलेली तेवढं पुढचं भरणं आणखी संथ, म्हणजे आलेख सरळ रेषेत न जाता घातांकी वक्र होतो... असो. मुद्दा असा की अशा वाटेवर आडोशाची किंमत घटते. समोरचा ब्रेक मारतो म्हणून मागच्यांना अधिक जोरात मारावा लागतो, मग उसळी अधिक मोठी. एकटा माणूस आपल्याला हवी ती रेषा पकडून वळतो.

मागे वाउट व्हान आर्ट, तादेय पोगाचार आणि माड्स पेडरसन होते. तिघांनी पाळीपाळीनं वारा खाल्ला तर एकट्याला पकडणं कागदावर सोपं. पण जो पुढे राबेल त्याचीच टाकी आटणार, आणि त्याच्या चाकाला चिकटलेला शेवटी त्याला मागे टाकणार. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढलेल्या कुणालाही विचारा, हे राजकारण तो रंगवून सांगेल.

आता वेदना. पायांत पेटणारी आग म्हणजे ‘लॅक्टिक ॲसिड’, ते स्नायूंत साचून राहतं आणि दोन दिवस पाय दुखतात, हे शाळेपासून ऐकलेलं. लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं, आणि हृदय व स्नायू ते चक्क इंधन म्हणून जाळतात. दोन दिवसांनी दुखतात ते स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. म्हणून ‘ॲसिड मारणारं’ अल्कलाइन पाणी महागात विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की तुमच्या जठरात त्याहून कितीतरी तीव्र आम्ल बसलेलं आहे, तिथेच त्या अल्कलीचा निकाल लागतो.

मग वेदनाच काढून टाकली तर? मार्कुस आमान यांच्या गटानं २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलपटूंच्या कण्यात फेन्टानिल हे तीव्र वेदनाशामक देऊन पायांकडून मेंदूकडे जाणारे संदेश अडवले आणि ५ किलोमीटर सायकल मारायला लावली. सुरुवातीला ते भन्नाट सुटले. उत्तरार्धात शक्ती ढासळली. एकूण वेळ सुधारली नाही, स्नायू मात्र नेहमीपेक्षा जास्त थकले आणि काहींना सायकलवरून उतरायलाही मदत लागली. टाकीत पाणी किती उरलंय हे दाखवणारी काचेची नळी फोडल्यासारखंच ते झालं. अनुभवी खेळाडूला दुखत नाही असं नाही, दुखण्यावरून तो पातळी वाचतो.

जगज्जेत्याला वर्षभर इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते, आणि तिला शाप असल्याची समजूत सायकलविश्वात जुनी आहे: ती घातली की साडेसाती सुरू. एखाद्यानं कारकिर्दीतलं सर्वोत्तम वर्ष गाजवलं की पुढचं वर्ष सरासरीकडे झुकणारच, त्याला शाप कशाला हवा? व्हान डर पूलनं २०२४ मध्ये तीच जर्सी घालून टूर ऑफ फ्लँडर्स आणि पॅरिस–रुबे या दोन्ही शर्यती जिंकल्या. दोन्ही एकट्यानं निसटून, आणि रुबेला तर सुमारे साठ किलोमीटरवरून. साठ किलोमीटरला त्या २० किलोज्यूलमधून जास्तीचे वॅट किती येतील, ते तुम्हीच काढा.