एका पुस्तकात अकरा दुनिया : 'लेजेंड्स'वरचं भांडण नेमकं कधीपासूनचं?

'लेजेंड्स' हा अकरा लेखकांचा फॅन्टसी कथासंग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. सगळे आधी आपापल्या लेखकावर उडी मारतात, मग जमलं तर शेजारच्याकडे डोकावतात, आणि मत मात्र अख्ख्या सातशे पानांवर ठोकून देतात. कुणी म्हणतं एकट्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनच्या कथेत पैसे वसूल, कुणी म्हणतं ही नुसती जाहिरात आहे आणि तीही आपल्याच खिशातून पैसे काढून आपल्याला विकलेली, आणि 'व्हील ऑफ टाइम'वाल्या जॉर्डनचे फॅन तर भलत्याच विषयावर चिडलेले असतात. यातलं बरंचसं भांडण पुस्तकाच्या आधीपासूनचं आहे.

आधी पुस्तक काय ते सांगतो. 1998 साली अमेरिकेत टॉर या पब्लिशरने काढलं, संपादक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग. आयडिया साधी, फॅन्टसीत ज्यांच्या मोठ्या सिरीज गाजल्यात त्यांनी आपापल्याच दुनियेतली एकेक नवी दीर्घकथा लिहायची. स्टीफन किंग, टेरी प्रॅचेट, टेरी गुडकाइंड, ऑर्सन स्कॉट कार्ड, अर्सुला ले ग्विन, टॅड विल्यम्स, जॉर्ज आर. आर. मार्टिन, ॲन मॅकॅफ्री, रेमंड फाइस्ट, रॉबर्ट जॉर्डन, आणि अकरावे स्वतः संपादक, त्यांच्या माजिपूर या काल्पनिक ग्रहाची कथा घेऊन (घरचंच कार्य, पंगतीत बसायला कोण अडवणार!). प्रत्येक कथेच्या आधी त्या त्या सिरीजची थोडक्यात ओळख दिलीय, म्हणजे नवख्या वाचकाला सोय, आणि जाहिरात म्हणणाऱ्यांना आयता पुरावा.

आता गंमत बघा. यातल्या बऱ्याच दुनिया मुळात कादंबरीतून आलेल्याच नाहीत, त्या मासिकातून आल्या. मॅकॅफ्रीचे पर्न या काल्पनिक ग्रहावरचे ड्रॅगन 1967 मध्ये 'ॲनालॉग' मासिकातल्या एका दीर्घकथेत पहिल्यांदा उडाले आणि पुढच्या वर्षी त्या कथेला ह्यूगो (सायन्स फिक्शन-फॅन्टसीतलं मोठं बक्षीस) मिळालं. किंगचा बंदूकवाला रोलंड 1978 मध्ये एका मासिकातूनच चालायला लागला. मार्टिनच्या सिरीजच्या पहिल्या भागातली डेनेरिस या पात्राची प्रकरणं 1996 मध्ये 'असिमोव्ह्ज'मध्ये वेगळी दीर्घकथा म्हणून आली आणि त्यांनाही ह्यूगो मिळालं. ह्यूगोवाले साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांच्या मजकुराला दीर्घकथा या प्रकारात धरतात. म्हणजे कथेपेक्षा ऐसपैस, कादंबरीपेक्षा आटोपशीर, एका बैठकीत नाही तरी दोन बैठकीत संपणारं. आपल्याकडे दिवाळी अंकांनी हा प्रकार इतकी वर्षं जगवलाय की आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, अनुक्रमणिकेत आवडीचं नाव दिसलं की अंक घ्यायचा, बाकीचं मग सवडीने, काही राहूनच जातं.

तिकडे मात्र बाजाराने हा प्रकार मधल्यामध्ये लटकवला. 1965 मध्ये टॉल्किनची तीन पुस्तकं अमेरिकेत स्वस्त पेपरबॅकात आली (एक आवृत्ती तर त्यांची परवानगी न घेताच) आणि कॉलेजातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. मग बॅलेंटाइनने 1969 पासून जुनी फॅन्टसी शोधून शोधून छापली, ते काम लिन कार्टर बघायचे. पण काटा खरा फिरला तो 1977 मध्ये, टेरी ब्रुक्सच्या शॅनारा सिरीजचं पहिलं पुस्तक बेस्टसेलर झालं आणि पब्लिशर लोकांना कळलं की जाडजूड पुस्तक, पुढे नकाशा आणि मागे 'पुढील भागात' असा मामला धडाधड विकला जातो. तिथून पुढे तीन भाग, पाच भाग, दहा भाग. जॉर्डनची सिरीज 1990 ला सुरू झाली ती त्यांच्या हयातीत संपलीच नाही. यात तीस हजार शब्दांच्या कथेने जायचं कुठे? मासिकाला ती लांब पडते, वेगळं पुस्तक काढायला फारच बारीक.

अँथॉलॉजी, म्हणजे अनेक लेखकांच्या कथा एका पुस्तकात, हा त्यावरचा जुना उपाय. याच कार्टरनी 1973 मध्ये 'फ्लॅशिंग स्वोर्ड्स' काढलं, त्यात फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, पोल अँडरसन आणि हे स्वतः, म्हणजे संपादकाने पंगतीत बसायची चालही तिथलीच! 1979 च्या 'थीव्ह्ज वर्ल्ड'मध्ये उलटं होतं, शहर एकच आणि सगळे लेखक त्यात भाडेकरू. सिल्व्हरबर्गनी प्रत्येकाला आपलं गाव सोबत घेऊन यायला सांगितलं, आणि मला वाटतं वाचकांची मतं फाटतात ती इथेच, कारण दुसऱ्याच्या गावात शिरायला वाट ठेवलीय की नाही हे प्रत्येक लेखकाने आपल्या आपण ठरवलं.

मार्टिनने वाट सरळ उघडी ठेवली. त्याची 'द हेज नाइट' मुख्य कादंबऱ्यांच्या साधारण नव्वद वर्षं आधी घडते, म्हातारा मालक वाटेत मेलेला, उंचापुरा डंक त्याला पुरून त्याचीच तलवार घेऊन स्पर्धेला निघतो आणि वाटेत टकलू पोरगं भेटतं, बस, हे समजायला आधीचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं. बरं तेव्हा त्याच्या सिरीजचा एकच भाग बाजारात होता, म्हणजे आज ज्याच्यासाठी लोक हे पुस्तक शोधतात तो त्या यादीत नवखाच होता. प्रॅचेटनेही तेच केलं. जादूगारणींच्या स्पर्धेत ग्रॅनी वेदरवॅक्स दरवेळी जिंकते म्हणून बाकीच्या तिला यंदा भाग घेऊ नका म्हणून सांगतात, आणि ही बाई चिडायच्या ऐवजी सगळ्यांशी गोड वागायला लागते, त्याने गावाची जी टरकते ती वाचाच. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली कथा ही, मार्टिनवाल्यांनी माफ करा.

ले ग्विनची 'ड्रॅगनफ्लाय' मात्र गोंधळात टाकते, फक्त पुरुषांना घेणाऱ्या जादूच्या शाळेच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहते इथपर्यंत कुणालाही कळेल, पण शेवट पचायला आधीची पुस्तकं लागतात, कारण तो 1990 च्या आणि 2001 च्या तिच्या अर्थसी सिरीजमधल्या कादंबऱ्यांमधला पूल आहे. नवख्याला पूल दिसतो पण दोन्ही काठ दिसत नाहीत, मग तो 'अर्धवट वाटली' म्हणतो आणि जुना वाचक त्याच्यावर खेकसतो. दोघांचंही बरोबर.

जॉर्डनची 'न्यू स्प्रिंग' वेगळंच प्रकरण. ती त्याने पुढे वाढवून 2004 मध्ये अख्खी कादंबरी करून काढली, आणि तीही दहाव्या आणि अकराव्या भागाच्या मधे, जेव्हा लोक मुख्य गोष्ट पुढे सरकायची वाट बघत बसले होते. 2007 मध्ये जॉर्डन गेले, सिरीज त्यांच्या हातून अपुरी राहिली, त्यामुळे त्या कथेवरचा राग खरं तर तीस हजार शब्दांवरचा नाहीच.

जाहिरातीचा आरोप अगदीच खोटा नाही. जॉर्डन, गुडकाइंड आणि कार्डची अल्विन मेकर सिरीज, तिन्ही टॉरचीच. पण पुस्तकाला 1999 चा लोकस (याच क्षेत्रातल्या 'लोकस' मासिकाचा) पुरस्कार मिळाला, दुसरा खंड 2003-04 मध्ये आला (त्यात गेमन आणि रॉबिन हॉब), आणि मार्टिनने तर ही वाट सोडलीच नाही. डंकची पुढची कथा त्या दुसऱ्या खंडात, तिसरी 2010 च्या 'वॉरियर्स'मध्ये, मग 2015 ला तिन्हींचं मिळून वेगळं पुस्तक, आणि आता त्यावर एचबीओची मालिकाही.

राहता राहिलं पेपरबॅकचं. जाड पुस्तक एका पेपरबॅकात मावेना म्हणून अमेरिकेत त्याचे तीन तुकडे केले, मार्टिन दुसऱ्यात, प्रॅचेट तिसऱ्यात. मला फुटपाथवर आधी दुसरा मिळाला. ग्रॅनीबाईंची भेट व्हायला पुढची चार वर्षं गेली, आणि पहिला तुकडा अजून शोधतोच आहे.