फटफटी सुरू होते, पण टिकत नाही

जुनी फटफटी मुळीच सुरू होत नसेल, तर दोष शोधणं त्या मानाने सोपं असतं. घाम काढते ती दोन किकांत सुरू होऊन, छान चालून, मग वाटेत बंद पडणारी. दहा मिनिटं सावलीत उभी केली की परत पहिल्या किकला सुरू! अशा वेळी पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी नीट बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे: गाडी किती वेळाने बंद पडली आणि बंद पडताना कशी वागली. आचके देत, दम लागल्यासारखी विझत गेली तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय. दिव्याचं बटण बंद करावं तशी एकदम थांबली तर बहुधा स्पार्क (पेट्रोल पेटवणारी प्लगची ठिणगी) गेला. याला अपवाद असतात, पण शोधाची दिशा ठरते.

आधी पेट्रोल. बहुतेक जुन्या गाड्यांत पंप नसतो. टाकी वर, कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग) खाली, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. उतरलेल्या पेट्रोलची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. माझ्या गाडीची टाकी नव्याने रंगवली तेव्हा रंगाचा एक थेंब नेमका त्या छिद्रात वाळून बसला. मी मात्र आठवडाभर कार्ब्युरेटर खोलत होतो.

एवढ्याशा छिद्राने गाडी का अडावी? हिशोब करून पाहू. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा साधारण 20 सेंटीमीटर उंच धरली, तर त्या उंचीमुळे मिळणारा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. म्हणजे बंद टाकीतला दाब दीड टक्क्याने घटला, की बाहेरची हवा पेट्रोलला खालून तोलून धरते आणि धार थांबते. टाकीत 6 लिटर मोकळी जागा असेल, तर त्यासाठी अंदाजे 90 मिलिलिटर पेट्रोल उतरलं की पुरे. वाफेमुळे आकडा थोडा पुढेमागे होईल. लिटरला 40 किलोमीटर चालणारी गाडी तेवढ्यावर साडेतीन किलोमीटर जाते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर मोकळी जागा कमी, म्हणून गाडी आणखी लवकर थांबते. टाकी भरल्यावर त्रास वाढतो हे ऐकून लोक चक्रावतात, पण या दोषाची ती पक्की खूण आहे. गाडी थांबताक्षणी झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर चोर सापडला.

चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढलेला असताना चालते आणि सोडला की मरते, अशी गाडी हवेच्या मानाने कमी पेट्रोल पीत असते. लांब उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि स्लो जेटचं, म्हणजे गाडी मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, केसाएवढं छिद्र बुजवतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलं असेल तरी हेच होतं.

गरम झाल्यावर एकदम बंद, गार झाल्यावर चालू, असं असेल तर पॉइंटजवळच्या कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट म्हणजे इंजिनबरोबर उघडझाप करत कॉइलचा प्रवाह तोडणारी धातूची दोन टोकं, आणि कॉइल म्हणजे प्लगला वीज पुरवणारं तारेचं वेटोळं. पॉइंट उघडतात तेव्हा पहिल्या क्षणी त्यांच्यातली फट कागदाहूनही पातळ असते. कॉइलमधला प्रवाह ती फट ओलांडून ठिणगीच्या रूपाने वाहत राहू पाहतो. कंडेन्सर त्या क्षणापुरता तो प्रवाह आपल्यात सामावून घेतो, म्हणून कॉइलचं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळतं आणि प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन जुनं झालं की उष्णतेने दगा देतं. मग ठिणगी प्लगवर कमी आणि पॉइंटवरच जास्त पडते. पॉइंटची टोकं करपलेली, खड्डे पडलेली दिसतात.

गार गाडीवर ठिणगीची तपासणी करून काही हाती लागत नाही. गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून, प्लगच्या भोकापासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवून किक मारा. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर बदलून पाहा. तरीही तसंच राहिलं तर पुढचा संशय कॉइलवर, कारण तीही तापल्यावर अशीच दगा देते. कंडेन्सर बदलतानाच पॉइंट साफ करून त्यांची फट मोजून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती 0.35 ते 0.45 मिलिमीटर असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळेल.