घोड्यांपासून तारेपर्यंत : तुमच्या ट्रामला ओढत कोण होतं?

आमच्या कार्यशाळेत बनलेली ट्रामची लाकडी प्रतिकृती तुम्ही घरी नेत आहात, त्याबद्दल मनापासून आभार. घोड्यांची ट्राम, विजेची एकमजली ट्राम आणि विजेची दुमजली ट्राम अशा तीन प्रतिकृती आम्ही बनवतो. तिन्ही मुंबईच्या आहेत. बहुतेक ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात : रूळ सारखे, बाकं सारखी, मग एकीपुढे घोडे आणि दुसरीच्या टपावर दांडी, एवढाच का फरक? डोळ्यांना तेवढाच दिसतो हे खरं. पण घोड्यांच्या जागी ती दांडी येईपर्यंत जगभरच्या शहरांनी पन्नासेक वर्षं नाना उपाय करून पाहिले. ती हकीकत कळली की प्रतिकृतीतला प्रत्येक आकडा, प्रत्येक दांडी कशासाठी आहे तेही कळतं.

घोड्यांचे दिवस

मुंबईत ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे होतं आणि तिकीट नव्हतंच. लवकरच भाडं दोन आण्यांवर आलं आणि तिकिटंही आली. ट्राम कंपनीची कचेरी कुलाब्याला होती. आज तिथे बेस्टचं ‘इलेक्ट्रिक हाऊस’ उभं आहे.

घोडागाड्या रस्त्यावर आधीपासून होत्याच, मग रूळ कशाला? लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावरून फिरताना फार कमी अडतं, म्हणून. खडबडीत रस्त्यावर घोड्यांची जोडी जेवढी माणसं ओढी, त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं तीच जोडी रुळांवरून नेई. मुंबईत ट्रामला कधी एक, कधी दोन घोडे असत. घोड्यांच्या ट्रामच्या आमच्या प्रतिकृतीला पुढे आणि मागे दोन्हीकडे आकडे दिले आहेत, कारण शेवटच्या थांब्यावर अशी गाडी वळवत नसत. घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपत आणि गाडी आल्या वाटेने परत निघे. मुलांना हा खेळ फार आवडतो, तेव्हा आकडे बिनधास्त वापरू द्या.

आता घोड्यांच्या बाजूने पाहू या. चालती गाडी ओढत राहणं सोपं, उभी गाडी हलवणं अवघड. आणि ट्राम तर दर थोड्या अंतरावर थांबणार. प्रत्येक उतारू घोड्यांच्या खांद्यांना आणि पायांना एक नवा हिसका देई. त्यामुळे एका घोड्याकडून दिवसाला चार-पाच तासांहून जास्त काम घेता येत नसे. गाडी मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत धावायची. म्हणजे पाळ्या आल्या. लंडनसारख्या शहरात एका ट्रामगाडीमागे दहा-अकरा घोडे ठेवावे लागत. त्यांचे तबेले, दाणावैरण, मोतद्दार, नालबंद, शिवाय रोजच्या रोज उचलायची लीद. घोडा उभा असला तरी खातोच. आणि चार-पाच वर्षांत तो या कामातून बाद होई. ट्रामच्या इतिहासातली ही बाजू आम्हाला फार अस्वस्थ करते. म्हणून आमच्या प्रतिकृतीतले घोडे उधळलेले किंवा ऐटबाज नाहीत. ते मान खाली घालून ओढणारे आहेत.

१८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातून अमेरिकेत घोड्यांच्या तापाची साथ पसरली. शहरंच्या शहरं थांबली. ट्रामगाड्या तबेल्याबाहेर उभ्या राहिल्या, काही ठिकाणी तर माणसांनी त्या ओढल्या. सगळं शहर एका जनावराच्या तब्येतीवर उभं आहे हे तेव्हा लख्ख दिसलं आणि पर्यायांचा शोध जोरात सुरू झाला.

मुंबईबाहेर आपल्याकडे ट्राम होती ती नाशिकला. १८८९ पासून नाशिक गाव आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यामध्ये दोन डबे चार घोडे ओढत. ती १९३० नंतर लवकरच बंद झाली. नाशिकच्या ग्राहकांकडून या ट्रामच्या प्रतिकृतीची मागणी वारंवार येते. डब्याची मापं खात्रीची मिळाली की ती आम्ही जरूर बनवू.

मधले प्रयोग

वाफेचं इंजिन आगगाडीला जमलं, मग ट्रामला का नको? करून पाहिलं. कलकत्त्यात १८८२ मध्ये वाफेच्या ट्रामचा प्रयोग झाला. कराचीची ट्राम तर १८८५ मध्ये वाफेवरच सुरू झाली, पण भर वस्तीतला आवाज सोसवेना आणि तिथे घोडे आणावे लागले! फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून टाक्यांत दाबून भरलेल्या हवेवर ट्राम चालली.

यांतला खरा हुशार उपाय सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथे १८७३ मध्ये अँड्र्यू हॅलिडी याने रस्त्याखालच्या खाचेतून एक अखंड दोर फिरता ठेवला. तो दूरच्या इंजिनघरातून सतत ओढला जाई. ट्रामवाला चिमटा आवळून दोर धरी की गाडी चाले, सोडला की थांबे. गाडीवर ना घोडा, ना इंजिन. शक्ती एका जागी तयार करायची आणि गाडीपर्यंत पोचवायची, ही कल्पना इथे पक्की झाली. दोष एवढाच की निम्म्याहून अधिक जोर तो जड दोर फिरवण्यातच खर्च होई. दोराच्या जागी तार आली आणि काम झालं.

वीज

बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे इथे १८८१ मध्ये वेर्नर सीमेन्सने विजेची ट्राम सुरू केली. वीज चालत्या रुळांतूनच दिली होती, सुमारे १८० व्होल्टची. एक रूळ नेणारा, दुसरा आणणारा. पण रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसू लागले. मद्रासमध्ये १८९५ साली भारतातली पहिली विजेची ट्राम धावली. तिची वीज रस्त्याखालच्या बंद खाचेतून येई. मद्रासच्या पावसाने त्या खाचा भरल्या आणि काही वर्षांतच तार डोक्यावर न्यावी लागली.

डोक्यावरच्या तारेची पद्धत खात्रीची करून दाखवली फ्रँक स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरने, १८८८ मध्ये, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. तिथे दहा टक्के चढाचे रस्ते होते आणि चाळीस गाड्या चालवायच्या होत्या. त्याची दोन कामं सांगायलाच हवीत. एक, स्प्रिंगने वर दाबून धरलेली दांडी, जिच्या टोकाचं चाक तारेखालून फिरतं. दुसरं डोळ्यांना दिसत नाही. मोटरची एक बाजू त्याने चाकाच्या आसावरच टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर टांगली. त्यामुळे गाडी कितीही हादरली तरी मोटरच्या दात्यांचं आणि आसावरच्या दात्यांचं अंतर बदलत नाही. त्याआधी नेमकी इथेच यंत्रं मोडत. भारतीय रेल्वेच्या कितीतरी विजेच्या इंजिनांत मोटर आजही अशीच टांगलेली असते.

वीज येते तारेतून, सुमारे ५०० ते ६०० व्होल्टची, दांडीतून उतरते, ड्रायव्हरपुढच्या कंट्रोलरमधून मोटरमध्ये जाते आणि चाकांवाटे रुळांत शिरून वीजघराकडे परतते. म्हणून रुळांचे सांधे तांब्याच्या जाड तारांनी जोडत. ते जोड ढिले पडले तर वीज जमिनीतल्या पाण्याच्या नळांची वाट धरते आणि नळ कुरतडले जातात. या मोटरचा मोठा गुण असा की उभी गाडी हलवताना ती सर्वांत जास्त जोर लावते. घोड्यांचे खांदे जिथे मोडत, तिथेच हिची ताकद. मात्र एकदम पूर्ण वीज दिली तर मोटर जळेल, म्हणून ड्रायव्हर मूठ एकेक खाच पुढे सरकवी. सुरुवातीला दोन मोटरी एकापाठोपाठ जोडलेल्या असत, वेग आला की शेजारीशेजारी.

मुंबईत १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही नवी कंपनी आली. जुनी ट्राम कंपनी तिने विकत घेतली आणि वाडीबंदरला वीजघर उभारलं. ७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम निघाली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. पुढे टाटांची जलविद्युत घेतली जाऊ लागली, म्हणजे लोणावळ्याच्या पावसाच्या जोरावरही मुंबईची ट्राम धावली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली. शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला गेली. शहरभागात वीज मात्र आजही बेस्टच देते आणि ‘दादर टीटी’मधला ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस.

प्रतिकृती मांडताना

टपावरची दांडी नेहमी गाडीच्या चालण्याच्या उलट दिशेला झुकलेली हवी. पुढे झुकवली तर ती तारेला अडकेल. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर दोरी धरून दांडी फिरवी आणि ड्रायव्हर मूठ काढून दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलरला लावी. तुमच्या प्रतिकृतीतही दांडी फिरते आणि मूठ निघते. मूठ बारीक आहे, लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही याकडे लक्ष द्या. दुमजली ट्राम उचलताना खालच्या मजल्याला धरा, कठड्याला धरू नका. धूळ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका.

जुन्या ट्रामविषयी आणखी पाहायचं असेल तर वडाळ्याच्या आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. निघण्याआधी वेळ विचारून घ्या.