पेन्सिल्व्हेनियात फेरमोजणी: कधी आपोआप, कधी अर्जावर

नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याचे तेव्हाचे सिनेटर बॉब केसी रिपब्लिकन डेव्ह मॅकॉर्मिक यांच्याकडून सुमारे १५ हजार मतांनी हरले. मतदान जवळजवळ ७० लाखांचं, म्हणजे फरक पाव टक्क्याच्याही आत. राज्यव्यापी लढतीत हा फरक ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असला की तिथे फेरमोजणी आपोआप लागते. आपल्याकडे उमेदवाराला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी लागते. तिथे उलट: फेरमोजणी नको असेल तर हरणाऱ्याने तसं लेखी कळवायचं.

या पत्राची मुदत मतदानानंतरच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी १२ला संपते. २०२४मध्ये तो दिवस १३ नोव्हेंबर होता. केसींनी पत्र दिलं नाही, त्यामुळे आदेश निघाला. काम तिसऱ्या बुधवारपर्यंत सुरू करून पुढच्या मंगळवारी दुपारी १२च्या आत संपवायचं असतं. मोजणी हाताने, नाहीतर आधीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या यंत्रावर. खर्च सरकारी तिजोरीतून. तेव्हाचा अंदाज दहा लाख डॉलरच्या वर होता. केसींनी २१ नोव्हेंबरला, मोजणी चालू असतानाच, हार मान्य केली. २०२२च्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) फेरमोजणीचा हाच प्रसंग मॅकॉर्मिक यांच्यावर आला होता, ते हजाराहून कमी मतांनी मागे होते.

फरक ०.५ टक्क्याहून जास्त असेल तर अर्ज करावा लागतो, आणि तो उमेदवार नव्हे, मतदार करतात. त्या मतदान केंद्राचे तीन नोंदणीकृत मतदार, मोजणीत चूक किंवा गैरप्रकार झाल्याचं सांगणारी शपथेवरची याचिका, आणि दर केंद्रामागे ५० डॉलर रोख किंवा १०० डॉलरचा बाँड (हमीपत्र). काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, बेरीज पूर्ण झाल्यापासून पाच दिवसांत हे कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये, म्हणजे काउंटीच्या न्यायालयात, पोहोचायला हवं. चूक सापडली तर अनामत परत मिळते.

अर्ज अडकतो तो इथे: ठोस चुकीचा किंवा गैरप्रकाराचा पुरावा नसेल, तर त्या पदासाठी मतं पडलेल्या प्रत्येक केंद्रासाठी याचिका लागते. राज्यात केंद्रं नऊ हजारांहून जास्त. म्हणजे किमान २७ हजार सह्या आणि साडेचार लाख डॉलर! सिनेटसाठी हा रस्ता कागदावरच राहतो.

आणखी एक गोष्ट: फेरमोजणीत बाद मतंही तपासली जातात, हा गैरसमज आहे. फेरमोजणीत आधी मोजलेलीच मतं पुन्हा मोजली जातात; बाद ठरलेली टपाली पाकिटं, जशी २०२४मध्ये तारीख न घातलेली, त्यात उघडत नाहीत. त्यांचा वाद काउंटीच्या निवडणूक मंडळापुढेच मांडावा लागतो आणि मंडळाच्या निर्णयावर अपिलाला दोनच दिवस मिळतात.