८९१.४६३ म्हणजे काय?

पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी ड्यूई पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी कादंबरी हातात घेतली, की तिच्या पाठीवर ८९१.४६३ असा आकडा दिसतो आणि त्याखाली लेखकाच्या आडनावाची दोन-तीन अक्षरे. हा कॉल नंबर. आतल्या पानावर शिक्क्याजवळ असतो तो दाखल क्रमांक; पुस्तक ग्रंथालयात कितवे आले, एवढेच तो सांगतो. कॉल नंबर मात्र पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगतो, आणि म्हणूनच ते कुठे सापडेल तेही.

हा आकडा डावीकडून उलगडत जायचा. ८०० म्हणजे साहित्य, ८९० म्हणजे 'इतर' भाषांतले, ८९१.४ वर हिंदी-बंगालीसारख्या आपल्या भाषा, ८९१.४६ वर मराठी. शेवटचा ३ म्हणजे कथा-कादंबरी. तिथे १ असता तर कविता. बिंदूपुढचे अंक दशांशासारखे वाचायचे. ८९१.४६३ हे ८९१.५ च्या आधी येते. नवख्या वाचकाची चुकामूक होते ती इथेच. पण या दशांशामुळेच कोणत्याही दोन आकड्यांच्या मध्ये नव्या विषयाला जागा करता येते.

मेल्विल ड्यूई यांनी ही पद्धत १८७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. त्याआधी अनेक ग्रंथालयांत आकडा कपाटाचा असे: अमुक कपाट, अमुक फळी. पुस्तके वाढली की सगळे क्रमांक बदलायचे. ड्यूईंनी आकडा पुस्तकाच्या विषयाला जोडला, मग कपाटे कुठेही हलवा.

तरी त्या 'इतर'पाशी मन खट्टू होते. इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०. आशिया-आफ्रिकेच्या भाषा मात्र ८९० मध्ये दाटीवाटीने. धर्माच्या विभागातही २२० पासून २८० पर्यंत ख्रिस्ती धर्म पसरलेला आणि हिंदू धर्म २९४.५ वर. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी ग्रंथसंग्रहाचा आकार या आकड्यांत गोठून राहिला आहे.

दुसरी अडचण फळीचीच आहे. पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते. रेल्वेच्या इतिहासावरचे पुस्तक वाहतुकीत गेले, की इतिहासाच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या वाचकाला ते दिसत नाही. त्यासाठीच तालिका: त्याच पुस्तकाची नोंद लेखक, शीर्षक आणि विषय अशा सगळ्या वाटांनी सापडते. पूर्वी त्यासाठी नोंदींच्या कार्डांचे खण चाळावे लागत, आता संगणकावर शोधता येते.

ड्यूईंपेक्षा वेगळी वाट काढली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला: मोजके तुकडे, पण जोडाल तसे खेळणे. विषयांचेही असेच करता येईल, हे त्यांना सुचले. त्यांची ही पद्धत, द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण, १९३३ मध्ये छापली गेली. त्यात तयार खाने शोधायचे नसतात, आकडा जुळवायचा असतो. '१९५० मध्ये भारतात फुप्फुसांच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारांचे संशोधन' हा विषय घ्या. आधी वैद्यकाचे अक्षर, मग फुप्फुसांचे ४५, क्षयाचे ४२१, उपचाराचा ६, क्ष-किरणांचे २५३, संशोधनाचे अक्षर, भारताचे ४४ आणि शेवटी काळ. देश बदलला तर फक्त ४४ काढून दुसरा अंक बसवायचा; बाकीची जुळणी तशीच राहते.