व्हेलास्केसच्या घरातली दीडशे पुस्तकं

स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केस म्हटलं की सगळे थेट त्याच्या 'लास मेनिनास' या गाजलेल्या चित्रावर जातात, पण मला तो माणूस खरा भेटला त्याच्या घरातल्या सामानाच्या यादीत. ६ ऑगस्ट १६६० ला तो माद्रिदमध्ये वारला, आठच दिवसांनी बायको हुआनापण गेली, आणि त्याच महिन्यात जावई मासो (तोही चित्रकारच) वगैरेंनी एकेक वस्तू लिहून काढली तेव्हा दीडशेच्या आसपास पुस्तकं निघाली.

जन्म सेव्हिलचा, १५९९. १६११ ला पाचेको नावाच्या चित्रकाराकडे शिकायला ठेवला. पाचेको चित्रकार म्हणून बेताचाच, पण शिकवायला जबरदस्त, आणि घरी कवी-विद्वानांचा कायम राबता, म्हणजे हा पोरगा रंग घोटता घोटता त्यांच्या चर्चा ऐकतच मोठा झाला. पुढे गुरूने मुलगीच दिली त्याला, तीच हुआना. १६२३ पासून स्पेनचा राजा फिलिप चौथ्याचा दरबारी चित्रकार, मग जन्मभर राजघराण्याची पोर्ट्रेट्स, मध्ये दोनदा इटली.

पण स्पेनमध्ये तेव्हा चित्रकार म्हणजे हाताने काम करून पोट भरणारा कारागीर. सांतियागो या मानाच्या सरदार-संघाचा सरदार व्हायचं तर चौकशी बसली, शंभरावर साक्षी झाल्या, मित्रांनी सांगितलं की हा पैशासाठी चित्रं काढत नाही, तरी घराण्यावरून अडलंच, शेवटी पोपची खास सूट आणून १६५९ ला तो मान मिळाला. मला वाटतं ती पुस्तकं या भांडणाशेजारी ठेवूनच बघायला हवीत. भूमितीवाला युक्लिड, वास्तुकलेवर लिहिणारे विट्रुव्हियस आणि पल्लाडिओ, जर्मन चित्रकार ड्यूरर, पर्स्पेक्टिव्ह (चित्रात खोली दाखवायचं शास्त्र), शरीररचना, वासारीने लिहिलेली चित्रकारांची चरित्रं. राजवाड्याच्या बांधकामावर देखरेख त्याच्याकडे होती, त्यामुळे आर्किटेक्चरची पुस्तकं कामाचीही असणार. कविता कमी, आणि इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) त्या काळात धार्मिक पुस्तकं तर अगदीच थोडी.

रोमन कवी ओविड मात्र होता. व्हेलास्केसच्या 'सूत कातणाऱ्या बायका' या चित्रात पुढे चरखा चालवणाऱ्या बायका दिसतात, म्हणून कित्येक वर्षं लोक त्याला गालिच्यांच्या कारखान्याचं चित्र समजत होते, पण मागे भिंतीवर ओविडमधलीच गोष्ट आहे, देवीशी विणकामाची पैज लावणाऱ्या अरॅक्नीची. हे पक्कं झालं ते १९४८ च्या सुमारास, अशाच एका घरसामानाच्या यादीवरून: चित्राचा मालक पेद्रो दे आर्से, त्याच्या १६६४ च्या यादीत नाव सरळ लिहिलेलं होतं, 'अरॅक्नीची कथा'.