दोन किलोबाइटमधलं खोडरबर

लॅपटॉपवर स्पष्ट दिसत होतं, 'टेम्प १८०'. एंटर दाबलं की बोर्डाचं उत्तर यायचं: आज्ञा कळली नाही. पुन्हा तेच लिहिलं, या वेळी न चुकता, तर निमूटपणे ऐकलं.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बेकरीच्या भट्ट्यांसाठी तापमान नियंत्रक बनतात. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप, आर्डुइनो उनोवर असते तीच. बोर्डाला ना पडदा, ना कीबोर्ड. केबलने लॅपटॉप जोडायचा, टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांची खिडकी, उघडायचं आणि आज्ञा टाइप करायच्या. (आज्ञा इंग्रजी अक्षरांत असतात, इथे सोयीसाठी देवनागरीत लिहितोय.) पहिल्या खेपेला मी '१९०' लिहिलं होतं, दोनदा बॅकस्पेस दाबून त्यावर '८०' केलं होतं. सगळा घोटाळा त्या दोन बॅकस्पेसांत होता.

बॅकस्पेस ही कळ काहीच खोडत नाही. ती फक्त एक आकडा पाठवते, ८. आमचा बोर्ड आला तो आकडा मेमरीत ठेवायचा आणि जसाच्या तसा परत पाठवायचा, म्हणजे लिहिणाऱ्याला आपलं लिखाण दिसावं. टर्मिनलला ८ मिळाला की त्याचा कर्सर एक घर मागे सरकतो. त्यामुळे माझे '८०' बरोबर '९०'च्या डोक्यावर छापले गेले आणि पडदा सुधारला. मेमरीत मात्र १, ९, ०, ८ नंबर, ८ नंबर, ८, ० अशी रांग उभी होती. प्रोग्राम मीच लिहिलेला, त्यामुळे रागवायचं कुणावर?

एरवी हे काम कोण करतं? मोठ्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम करते. युनिक्समध्ये टर्मिनलच्या दोन अवस्थांना गमतीदार नावं आहेत: 'रॉ' आणि 'कुक्ड', कच्चं आणि शिजवलेलं. शिजवलेल्या अवस्थेत तुम्ही कितीही खोडाखोड करा, प्रोग्रामच्या पानात शेवटची स्वच्छ ओळच पडते. बाण दाबून ओळीच्या मध्यावर जाणं, आधीची आज्ञा परत आणणं या वरच्या सोयी. त्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रीडलाइन ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, लिहिली, आज्ञा स्वीकारणारा लिनक्सचा बॅश शेल तीच वापरतो. ती अवाढव्य आहे. पुढे २०१० मध्ये रेडिस या डेटाबेसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी तिचं रोजचं काम हजारेक ओळींत बसवलं आणि त्या लायब्ररीला लाइननॉइज असं नाव दिलं. आमच्या बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टीमच नाही, त्यामुळे तिथे जे येतं ते कच्चंच. स्वयंपाक आपला आपण करायचा.

आणि स्वयंपाकघर केवढं? या चिपमध्ये कामाची मेमरी २०४८ बाइट. एका बाइटमध्ये एक इंग्रजी अक्षर मावतं. जुन्या टर्मिनलचा ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा घेतला तर त्यावर १९२० अक्षरं बसतात. म्हणजे पडद्यावर काय दिसतंय याची नुसती नक्कल ठेवायची म्हटली तरी जवळपास सगळी मेमरी संपली, भट्टी गेली वाऱ्यावर. म्हणून बोर्डासाठी मी जी छोटी लायब्ररी लिहायला घेतली, तिने पडदा लक्षात ठेवायचाच नाही. सध्याची ओळ, तिची लांबी, कर्सर कितव्या अक्षरावर आहे, बस्स.

मग खोडायचं कसं? तीन बाइट पाठवून: ८, ३२, ८. मागे जा, त्या जागी कोरं घर छाप, पुन्हा मागे ये. सोबत मेमरीतली लांबी एकने कमी करायची. पंचवीस वर्षं या धंद्यात काढून मला हे तीन बाइट अजून आवडतात.

पण काही टर्मिनलं बॅकस्पेसला ८ पाठवतच नाहीत, १२७ पाठवतात. यामागची हकीकत छिद्रांच्या कागदी फितीची आहे. अक्षरांना आकडे देणाऱ्या, १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की संकेतात प्रत्येक अक्षर सात बिटांचं, म्हणजे सात ०-१ चं, फितीवर सात जागा, छिद्र म्हणजे १. चुकीचं अक्षर पाडलं गेलं तर छिद्र बुजवता येत नाही. मग उपाय एकच, उरलेल्या जागाही पाडून टाकायच्या. सातही जागी १ म्हणजे १२७, आणि फीत वाचणाऱ्या यंत्राने सात छिद्रं दिसली की पुढे जायचं. शाळेत चुकलेला शब्द आपण गिरगटून काळा करायचो, तसंच. आठ नंबरचं काम वेगळं होतं, टाइपरायटरसारखं एक घर मागे सरकायचं. एक गिरगटतो, एक सरकतो. कळ एकच उरली तेव्हा कुणी हा निवडला, कुणी तो. आपल्या लायब्ररीने दोन्ही मुकाट्याने स्वीकारावेत, इथे तत्त्वाला चिकटून राहण्यात काही अर्थ नाही.

बाणांची गोष्ट याहून मजेशीर. आस्कीत बाणाला आकडाच नाही. डेक कंपनीचं व्हीटी १०० हे टर्मिनल १९७८ मध्ये आलं, त्याने बाणासाठी तीन आकड्यांची माळ पाठवली आणि आजही बहुतेक सगळे तीच पाठवतात. वरचा बाण म्हणजे २७, ९१, ६५. शेवटी ६६ आला तर खालचा, ६७ उजवा, ६८ डावा. बोर्डाला हे एका वेळी एक असे मिळतात, म्हणून त्याला मधल्या दोन पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागतात: 'आत्ता २७ आला होता' आणि 'त्यानंतर ९१ही आला'. मोठ्या नावाने याला स्टेट मशीन म्हणतात, इथे ते एका बाइटमध्ये राहतं. अडचण एवढीच की २७ ही एस्केप कळही आहे. कुणी नुसतं एस्केप दाबलं की बाण दाबला, हे फक्त वेळेवरून कळतं. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, बाणाची माळ तीनेक मिलिसेकंदांत पूर्ण होते, आणि माणसाची बोटं इतकी चपळ नसतात. त्यासाठी घड्याळ लावता येतं. मी लावलं नाही, नुसत्या एस्केपला काही कामच दिलं नाही.

वेगाचा हिशेब मात्र टाळता येत नाही. ओळीच्या मध्ये एक अक्षर घुसवलं तर पुढची सगळी शेपटी मेमरीत एक घर सरकवायची, पडद्यावर पुन्हा छापायची आणि कर्सर परत आणायचा. चाळीस अक्षरांची शेपटी असेल तर यात पन्नासेक मिलिसेकंद गेले. टाइप करणाऱ्याला ते जाणवणार नाही. पण त्याने तयार मजकूर एकदम पेस्ट केला तर? चिपच्या रिसीव्हरमध्ये जेमतेम दोन बाइट ताटकळू शकतात, बाकीचे हरवतात. म्हणून येणारी अक्षरं इंटरप्टने, म्हणजे हातातलं काम क्षणभर थांबवून, लगेच उचलून बाजूला ठेवावी लागतात आणि संपूर्ण ओळ नव्याने छापायचा मोह आवरावा लागतो.

वरचा बाण दाबला की आधीची आज्ञा यावी, ही सोय एकदा हाताला लागली की सुटत नाही. ६४ अक्षरांच्या आठ ओळी जपायच्या तर ५१२ बाइट, पाव मेमरी. पण आज्ञा असतात दहा-बारा अक्षरांच्या, बाकी घर रिकामंच. त्याऐवजी १२८ बाइटची एकच गोल पट्टी घेतली. आमच्या सुरसागर तलावाच्या काठाकाठाने चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच येतो, तशी ही पट्टी टोकाला पोचली की सुरुवातीपासून लिहू लागते आणि सर्वांत जुनी आज्ञा पुसली जाते. बारा अक्षरांची आज्ञा, एक बाइट खूण म्हणून, असे तेरा धरले तर नऊ आज्ञा मावतात. कारखान्यात नवव्या आज्ञेपर्यंत मागे जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ओळ, पट्टी, किरकोळ आकडे मिळून लायब्ररी २०० बाइटच्या आसपास राहिली.

तरी बोर्ड अधूनमधून आपोआप रीसेट व्हायचा. लायब्ररीवर संशय घेण्यात दोन दिवस गेले. दोषी निघाला मदतीचा मजकूर. वीस आज्ञा, प्रत्येकीची चाळीस अक्षरांची माहिती, म्हणजे ८०० बाइट. या चिपमध्ये प्रोग्राम कायमचा ठेवायची ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी आणि कामाची मेमरी यांचे रस्तेच वेगळे आहेत, त्यामुळे वेगळं बजावलं नाही तर सी भाषेतला असा मजकूर सुरुवातीलाच फ्लॅशमधून उचलून कामाच्या मेमरीत आणून ठेवला जातो. खालून हा पसारा, वरून खाली वाढणारा स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरत्या नोंदींची जागा), आणि दोघांमध्ये भिंत नाही, एकमेकांवर चढले की रीसेट. मजकूर फ्लॅशमध्येच राहू दिला आणि रीसेट थांबले.

इतकं झाल्यावर बोर्ड दांडिया बाजाराजवळच्या एका बेकरीत बसवला. प्रत्येक तापमानाला नाव द्यायची सोय होती, काउंटरवरच्या संगणकावर ती यादी दिसते. बेकरीवाले काका म्हणाले, "मराठीत लिहा ना, पोरांना वाचता आलं पाहिजे." मी 'नानखटाई' लिहिलं. यादीत दिसलं 'नानखट' आणि पुढे एक काळा चौकोन, आत प्रश्नचिन्ह.

"अहो, आमच्या नानखटाईची नानखट केलीत!"

नावासाठी मी १६ बाइट ठेवले होते. जगातल्या सगळ्या लिप्यांना आकडे देणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. न, काना, न, ख, ट, काना, ई ही सात चिन्हं म्हणजे २१ बाइट. सोळात पाच चिन्हं पूर्ण बसली आणि सहाव्याचा एक तुकडा लटकला.

आता बॅकस्पेसने काय खोडायचं? एक बाइट खोडला तर फुटकं चिन्ह उरतं. निदान एवढं सोपं आहे: यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या पहिल्यानंतरच्या बाइटांची सुरुवात नेहमी १० या दोन बिटांनी होते, तेव्हा तसे बाइट दिसताहेत तोवर मागे जात राहायचं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ही रचना केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बेकरी नसणार, पण काम झालं. मात्र चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'स्त्री' आपण एक अक्षर म्हणतो, आत आहेत सहा चिन्हं, १८ बाइट. युनिकोडच्या अक्षरं मोजायच्या नियमांत 'स्त्री'चे तीन तुकडे पडायचे, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत ते एक झालं. त्या नियमांचे तक्ते माझ्या बोर्डावर बसणार नाहीत, आणि मला ते हवेही नव्हते. 'की' लिहायचं होतं आणि 'का' झालं, तर मराठी माणसाला फक्त काना खोडायचा असतो, क शाबूत राहिलेला बरा.

पडद्यावरचं गणित त्याहून वाईट. बऱ्याच टर्मिनलांत काना स्वतःचं एक घर घेतो आणि मात्रा घेत नाही, म्हणजे 'का' दोन घरांचं, 'के' एका घराचं. मग ८, ३२, ८ कितीदा पाठवायचं? इथे मी हात टेकले. नावाच्या ओळीत प्रत्येक खोडणीला कर्सर ओळीच्या सुरुवातीला न्यायचा, पूर्ण नाव परत छापायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. घरं टर्मिनलनेच मोजावीत. नावात बाणाने मध्यावर जाण्याची सोय काढून टाकली. नावाची जागा २४ बाइट केली, आणि शेवटी पुरेशी जागा नसेल तर अख्खं चिन्ह नाकारायचं, तुकडा घ्यायचा नाही.

पुढच्या आठवड्यात काकांसमोर नानखटाई नीट उमटली. मग ते म्हणाले, आता 'खारी बिस्किट' लिहा. मी बोटांवर मोजलं. चौतीस बाइट.

"नुसतं 'खारी' चालेल?"

"चालेल," ते म्हणाले, "गिऱ्हाईकही तेवढंच म्हणतं."